धोका दोन टोकांना असतो

सोमवार, रात्र

व्यसनातून बाहेर पडायला मदत करणाऱ्या बहुतेक सोयी मधल्या काळासाठी असतात. समुपदेशन, गटसभा, महिन्याची तपासणी, हाताला काम. जीव जातो तो मात्र बऱ्याचदा दोन टोकांना. एक टोक म्हणजे नशा थांबल्यानंतरचे पहिले तीन-चार दिवस. दुसरं म्हणजे केंद्रातून, रुग्णालयातून किंवा तुरुंगातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले दोन आठवडे. ज्याला घर आहे, रात्री उठून अंगावर हात ठेवून बघणारं कुणी आहे, तो ही टोकं बहुधा निभावतो. उघड्यावर झोपणाऱ्याकडे, नातं तुटलेल्याकडे, मनाच्या जुन्या आजाराने आधीच थकलेल्याकडे नेमकं तेवढंच नसतं. या आठवड्यात त्या दोन टोकांबद्दल लिहायचं आहे.

आधी दारू, कारण तिथे गैरसमज सर्वांत मोठा आहे. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकदम सोडली की सगळे शाबासकी देतात. खरं तर त्याच दिवशी त्याच्यावर नजर ठेवायला हवी. दारू मेंदूला मंद करते, म्हणून मेंदू आपली उत्तेजना वाढवत नेऊन कसाबसा तोल राखतो. दोन्ही बाजूंनी ढकलून धरलेल्या दारामागून एक जण अचानक बाजूला झाला तर जे होईल, तेच इथे होतं. शेवटच्या पेल्यानंतर 6 ते 8 तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, मळमळतं, नाडी पळते. 12 ते 24 तासांत काहींना भास होतात. आकडी येण्याचा धोका साधारण पहिल्या 48 तासांत. 48 ते 96 तासांच्या दरम्यान काही जणांचं स्थळकाळाचं भान जातं, ताप चढतो, ते बरळतात, नसलेले किडे अंगावरून झटकत बसतात. हा डेलिरियम ट्रेमेन्स, आणि उपचार न मिळाल्यास यात माणूस दगावतो. दारू पूर्ण बंद व्हावी लागते असंही नाही. रोजचं प्रमाण एकदम खूप कमी झालं तरी हे सुरू होऊ शकतं. पैसे संपले, पाय मोडून पडून राहावं लागलं, पोलिसांनी उचलून कोठडीत टाकलं, की कोणी ‘सोडायचं’ ठरवलेलं नसतानाही ते घडतं.

थरथर तपासायची एक साधी रीत. दोन्ही हात समोर ताणायला, बोटं फाकवायला सांगायचं. डोळ्यांना काही दिसलं नाही तर आपल्या बोटांची टोकं त्याच्या बोटांच्या टोकांना अलगद टेकवायची. न दिसणारी थरथर तिथे लागते. मग आज वार कोणता, आपण कुठे आहोत, हे विचारायचं. रुग्णालयात हेच 10 मुद्द्यांच्या तक्त्यावर मोजतात, कमाल गुण 67. आठ-दहाच्या खाली असेल तर सहसा औषधाशिवाय भागतं. पण पूर्वी कधी दारू सुटताना आकडी आली असेल तर कमी गुणांवर विसंबू नये, थेट डॉक्टर गाठावा. उपचारात मेंदूला शांत करणारी डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड ही औषधं देऊन काही दिवसांत उतरवत नेतात. यकृत फार बिघडलेलं असेल तर त्याच गटातलं लोराझेपाम, कारण ते शरीरात साठून राहत नाही.

यात चूक कुठे होते, ते लिहून ठेवावंसं वाटतं. ज्याच्या केसपेपरवर आधीच ‘मानसिक रुग्ण’ लिहिलेलं असतं, त्याचे भास जुन्या आजारावर ढकलले जातात. मग नुसतं भासांवरचं औषध दिलं जातं. त्यातली अनेक औषधं आकडीचा उंबरठा खाली आणतात, म्हणजे नेमक्या नको त्या वेळी आकडीला वाट मिळते. आवाज ऐकू येतात पण वार, जागा, माणसं नीट ओळखतो, अंगात ताप नाही, थरथर नाही, तर मनाच्या आजाराचा विचार करायला जागा आहे. घाम, ताप, थरथर आणि भान हरपलेलं असेल तर ते दारू तुटण्याचंच समजून धावायचं.

मंगळवार

थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब1, याबद्दल थोडं. पोटात अन्न नाही आणि आतडी दारूने खराब झालेली, अशा माणसाच्या अंगात ते जवळपास संपलेलं असतं. साखर वापरायला शरीराला थायमिन लागतं. त्यामुळे अशक्त दिसला म्हणून नुसतं ग्लुकोजचं सलाइन लावलं तर उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून आधी थायमिन, किंवा दोन्ही बरोबर. रक्तातली साखर धोकादायक खाली गेली असेल तर मात्र ग्लुकोजला क्षणाचाही उशीर नको, थायमिन त्याच्याच सोबत द्यावं.

या इजेची तीन लक्षणं पुस्तकात असतात: गोंधळलेपणा, डोळ्यांची विचित्र हालचाल, चालताना झोकांड्या. तिन्ही एकत्र फार थोड्यांत दिसतात. आणि ही तिन्ही पाहून बघणारा काय म्हणतो? ‘प्यायलाय.’ रस्त्याकडेला पडलेल्या माणसाबाबतीत हा एक शब्द त्याची स्मृती कायमची घालवू शकतो. संशय असला तरी गोळीवर थांबू नये. अशा आतड्यातून ती पुरेशी शोषली जात नाही, इंजेक्शनच लागतं.

बुधवार

दोन खिडक्यांचा प्रश्न. मानसोपचाराच्या खिडकीवर ‘आधी दारू सोडून या’, व्यसनमुक्तीच्या खिडकीवर ‘आधी डोक्याचं बघून घ्या’. दोन्ही सांगणारे आपापल्या नियमाने बरोबर असतात, आणि मधे उभा असलेला माणूस परत फिरतो. ज्याला दोन्ही आहे त्याला एकाच ठिकाणी, एकाच फेरीत दोन्हीसाठी मदत मिळाली तरच तो टिकतो, हे माझं पक्कं मत आहे.

उदासी आधीची की दारूची, हा प्रश्न खरा आहे. दारू मेंदूवर बसलेली असताना उदासी मोजता येत नाही. दारूमुळे आलेली उदासी बंद केल्यावर दोन ते चार आठवड्यांत पुष्कळदा ओसरते. तरीही ‘महिनाभर थांबू’ हा नियम सगळ्यांना लावू नये. एक कोरा कागद घ्यावा, मधोमध आडवी रेघ मारावी, रेघेवर वयं लिहावीत. वरच्या बाजूला नशा: कधी सुरू, कधी वाढली, कधी बंद होती. खालच्या बाजूला मन: झोप, रडू, भास, मारून घ्यावंसं वाटणं. माणसाला स्वतःलाच बोट ठेवून सांगू द्यावं. सर्वांत जास्त काळ नशेशिवाय गेला तेव्हा खालच्या बाजूला काय होतं, ती जागा नीट बघावी. तिथेही उदासी असेल, किंवा नशा सुरू होण्याच्या आधीच्या वयात असेल, तर तिचा उपचार आजच सुरू व्हायला हवा.

आत्महत्येचे विचार असतील तर कुठलाच कागद नको, त्याच बैठकीत सरळ विचारावं: ‘जीव द्यावासा वाटतो का? कसं करायचं ठरवलंय?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. गोळ्या एका वेळी आठवड्याभरापुरत्याच द्याव्यात, तीस दिवसांची पाकिटं हातात ठेवू नयेत.

जाता जाता तंबाखूचं एक. क्लोझापिन या भासांवरच्या औषधावर असलेला माणूस रोज सिगरेट-विडी ओढत असेल तर धुरातल्या डांबरामुळे यकृत ते औषध झपाट्याने मोडतं आणि डोस त्या हिशेबाने वाढवलेला असतो. तो धूम्रपान बंद असलेल्या वॉर्डात भरती झाला की काही दिवसांत रक्तातलं औषध झपाट्याने चढतं. लाळ गळणं, गुंगी, वेळ पडली तर आकडी. निकोटिनच्या पट्टीने हे टळत नाही, कारण हे निकोटिनमुळे होतच नाही. त्याच प्रकारच्या ओलॅन्झापिनचंही थोडंफार असंच. भरती करताना ‘दिवसाला किती ओढता’ हे विचारलं पाहिजे, आणि सुट्टी देताना पुन्हा.

गुरुवार

सोल्युशन, म्हणजे पंक्चर चिकटवायचा डिंक, नाकाने ओढणारी मुलं. पिशवीत नाक खुपसून बसलेल्या पोराला हटकलं की पहिली प्रतिक्रिया ओरडण्याची, मागे धावण्याची असते. तसं करू नये. सोल्युशन, थिनर यांतल्या वाफांनी हृदय फार हळवं झालेलं असतं. अचानक भीती वाटली, पळापळ झाली की अंगातलं अ‍ॅड्रेनॅलिन उसळतं आणि हृदयाची लय बिघडून मूल जागच्या जागी कोसळू शकतं, अगदी पहिल्या वेळी ओढणारंसुद्धा. शांतपणे जवळ बसायचं, पिशवी हिसकावायची नाही, मोकळ्या हवेत चल म्हणायचं, आणि श्वास व भान नीट होईपर्यंत त्याला पळू-दमू द्यायचं नाही. आसपास काडी पेटवू नये, वाफ पेट घेते.

याची सवय सोडवणारी ठरावीक गोळी नाही. ती पोरं ओढतात कारण भूक मरते, थंडी कळत नाही, रात्रीची भीती जाते. म्हणून पोटभर जेवण आणि रात्री दार बंद करता येईल अशी जागा, हाच तिथला पहिला उपचार. हातपाय एकाएकी लुळे पडल्यासारखे झाले तर पोटॅशियम तपासावं. सोल्युशन-थिनरमधल्या टोल्युइन या द्रावकामुळे मूत्रपिंड ते धरून ठेवू शकत नाहीत, आणि दुर्लक्ष झालं तर श्वासाचे स्नायूही थकतात.

शुक्रवार, पहाट

आता दुसरं टोक. हेरॉइन, ब्राऊन शुगर, अफूजन्य गोळ्या. यांची टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास, दारूसारखी सहसा मारत नाही. जांभया, नाक गळणं, अंगावर काटा, पोटात मुरडा, हाडं मोडल्यासारखं दुखणं, चार-दहा दिवस असह्य. पण या दिवसांत शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. महिनाभर बंद ठेवून बाहेर आलेला माणूस जुन्याच अंदाजाने जुनाच डोस घेतो, आणि तो आता त्याच्या श्वासाला झेपत नाही. तुरुंगातून सुटल्यावरचे पहिले दोन आठवडे याच कारणाने सर्वांत जीवघेणे. नुसतं डिटॉक्स, म्हणजे अंगातली नशा उतरवणं, करून घरी पाठवणं म्हणजे सहनशक्ती काढून घेऊन तलफ तशीच ठेवणं. मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे नशेची जागा घेऊन तलफ आवरणारी औषधं, आत असतानाच सुरू करून बाहेर खंड न पडता चालू ठेवणं, यानेच मृत्यू घटतात. ही दोन्ही 2005 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत.

ब्युप्रेनॉर्फिनमध्ये घाई नडते. अंगात हेरॉइन असताना दिलं तर ते त्याला ढकलून स्वतः जागा घेतं आणि औषधानेच टर्की लागते. असा अनुभव आलेला माणूस पुन्हा पायरी चढत नाही. हेरॉइननंतर निदान 12 तास, मेथाडोननंतर 24 तासांहून बराच जास्त वेळ जायला हवा. घड्याळापेक्षा अंगाकडे बघावं: बुबुळाची बाहुली मोठी झाली का, जांभया सुरू झाल्या का, हातावर काटा आला का. मग 2 ते 4 मिलिग्रॅम जिभेखाली. पूर्ण विरघळेपर्यंत बोलू नये, पाणी पिऊ नये, कारण गिळलेली गोळी जवळजवळ वाया जाते. ही वाट बघायला बसण्याची जागा, पांघरूण आणि शौचालय लागतं. उघड्यावर राहणाऱ्याला ‘टर्की लागली की या’ एवढंच सांगितलं तर तो टर्की लागल्यावर दुसरीकडे जातो.

जास्त डोस झालेला माणूस घोरत असल्यासारखा वाटतो. ती झोप नव्हे. ओठ निळसर, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, श्वास मिनिटाला दहाच्याही खाली. हाक मारून, छातीच्या मधल्या हाडावर मूठ चोळून उठत नसेल तर अँब्युलन्स बोलवायची, मान मागे करून दर पाच सेकंदांनी एक श्वास द्यायचा. नॅलोक्सोन, म्हणजे अफूजन्य नशेचा असर उलटवणारं औषध, असेल तर 0.4 मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत, कपड्यांवरून चाललं तरी चालतं, किंवा एका नाकपुडीत फवारा. दोन-तीन मिनिटांत फरक नाही तर पुन्हा एकदा. थंड पाणी ओतणं, मिठाचं पाणी टोचणं, तोंडात काही घालणं, यातलं काहीही करू नये. श्वास नीट चालू झाला की कुशीवर वळवून ठेवायचं.

शनिवार

डायसल्फिराम, म्हणजे वर दारू प्यायली तर त्रास होतो अशी दारू सोडवण्याची गोळी, अन्नात चोरून मिसळण्याबद्दल एवढंच: ते करू नये. ज्याला माहीत नाही तो पितो, आणि रक्तदाब कोसळून मरू शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो.

गर्भवती बाईने अफूजन्य नशा एकदम तोडू नये, गर्भालाही टर्की लागते. तिच्यासाठी मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन चालू ठेवणं जास्त सुरक्षित. पण ती दवाखान्यात येतच नाही, कारण मूल काढून घेतील ही भीती. नोंद कुणाला दिसेल आणि कुणाला नाही, हे तिला एकटीला, दार लावून, पहिल्याच भेटीत सांगायला हवं.

रविवार

बाहेर पडताना हातात काय द्यावं, याची आज उजळणी केली. पुढच्या भेटीची तारीख दुसऱ्याच दिवसाची, पुढच्या आठवड्याची नको. त्या भेटीपर्यंत पुरेल एवढा डोस. नॅलोक्सोन, आणि तो ज्याच्यासोबत झोपतो-उठतो त्या माणसाला ते वापरायला शिकवलेलं. एकट्याने घेऊ नकोस, दारू आणि झोपेच्या गोळ्या त्यात मिसळू नकोस, घेतलंच तर आधीच्या मानाने अगदी थोडं घे, हे तोंडी, दोनदा. सुट्टी सकाळी द्यावी, संध्याकाळी नको, म्हणजे रात्रीच्या निवाऱ्याची सोय उजेडात होते. केसपेपरवर बेवडा, गर्दुल्ला असे शब्द नकोत. तो कागद पुढच्या खिडकीवर त्याच्या आधी वाचला जातो.

आणि ज्याला नॅलोक्सोन देऊन शुद्धीवर आणलं, त्याच्याजवळ निदान दोन तास बसायचं. औषधाचा असर 30 ते 90 मिनिटांत उतरतो, अंगातली नशा त्याहून जास्त टिकू शकते, मेथाडोन तर कितीतरी तास. तो उठल्याबरोबर वैतागलेला असतो, टर्की लागलेली असते, पुन्हा घ्यायला जायचं म्हणतो. बस, थोडा वेळ, हे उतरेल, असं म्हणत राहायचं आणि दर काही मिनिटांनी श्वास मोजायचा.