आधीच्या मालकाने केलेले अपग्रेड आणि माझी व्हर्जन ५ इम्प्रेझा

१९९९ची सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स एसटीआय, व्हर्जन ५. इथे न्यूझीलंडच्या हॅमिल्टनमध्ये ती घेतली तेव्हा माझ्या डोक्यात मोठा टर्बो (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा), मोठा इंटरकूलर (ती हवा थंड करणारा), जाड एक्झॉस्ट अशी सगळी यादी तयार होती. ऑकलंडला राहणारा एक मित्र, मूळचा साताऱ्याचा, दोन सुबारू लेगसी जीटी बाळगून असलेला, गाडी बघायला आला. बॉनेट उघडून त्याने पाच मिनिटं नुसतं निरखलं आणि म्हणाला, "अरे, हिला काही लावायच्या आधी हिच्यावरचं काढ." पुढचं जवळजवळ वर्षभर तेच काम चाललं.

न्यूझीलंडात जपानमध्ये वापरलेल्या गाड्या खूप वर्षांपासून येतात. स्टिअरिंग उजवीकडेच, त्यामुळे काही बदलावं लागत नाही. आणि इम्प्रेझावर इथल्या लोकांचा विशेष जीव. सुबारूने जागतिक रॅली मालिकेतली पहिली फेरी जिंकली ती इथेच, १९९३ साली, कॉलिन मॅक्रेने लेगसी चालवून. त्यात इथला रॅली चालक पॉसम बोर्न हा घरचाच सुबारूवाला. त्यामुळे एकेका एसटीआयचे पाच-सहा मालक होऊन गेलेले असतात आणि प्रत्येकाने तिच्यात काहीतरी करून ठेवलेलं असतं. त्यातच अमेरिकेत पंचवीस वर्षांवरच्या गाड्या आयात करायला मोकळीक आहे. नव्वदच्या दशकातल्या गाड्या त्या नियमात बसू लागल्या आणि भाव चढले. त्यामुळे हात न लागलेली गाडी माझ्या खिशाला परवडणारी नव्हती.

माझ्या गाडीत काय काय होतं? गियर बदलताना फुस्सकन हवा सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह. किल्ली काढल्यावरही इंजिन चालू ठेवणारा टर्बो टायमर. बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, ठरवणारा हाताने फिरवायचा बूस्ट कंट्रोलर, तोही फॅक्टरीच्या सोलेनॉइडला (विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हला) बाजूला सारून लावलेला. आणि उंची कमी-जास्त करता येणारे कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक एकत्र), ज्यांच्या प्रमाणपत्राचा कागद कुणाकडेच नव्हता.

त्या फुस्स आवाजासाठी लोक पैसे मोजतात हे मला अजून कळलेलं नाही. या इंजिनात आत येणारी हवा एअरफ्लो सेन्सर आधीच मोजतो आणि कॉम्प्युटर त्या हिशोबाने पेट्रोल सोडतो. मोजलेली हवा तुम्ही मध्येच बाहेर सोडली की पेट्रोल तेवढंच राहतं, हवा कमी पडते, आणि दोन गियरच्या मधे गाडी गुदमरते. फॅक्टरीचा व्हॉल्व्ह ती हवा परत टर्बोच्या तोंडाशी नेऊन सोडतो. भंगारातून जुना मूळ व्हॉल्व्ह आणून बसवला, गुदमरणं बंद. टर्बो टायमरही काढला. सुबारूचा टर्बो पाण्यानेही थंड होतो आणि कूलंटची टाकी त्याच्यापेक्षा उंचावर असते, त्यामुळे इंजिन बंद झाल्यावरही गरम पाणी वर जाऊन फिरत राहतं. घराजवळचा शेवटचा किलोमीटर सावकाश आणला की पुरतं.

मग कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचले. या पिढीच्या इम्प्रेझात लॅपटॉप लागत नाही. डॅशबोर्डखाली, स्टिअरिंगच्या मागे, वायरिंगमध्ये काळ्या कनेक्टरची एक सुटी जोडी लोंबत असते. ती एकमेकांत घालायची, किल्ली फिरवायची, आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागतो : लांब उजेड म्हणजे दशक, छोटा म्हणजे एकक. (शेजारीच हिरवी जोडी असते, ती वेगळ्या तपासणीसाठी. ती जोडली तर पंखे आणि पेट्रोल पंप टक-टक करत चालू-बंद होतात आणि नवा माणूस दचकतो.) मी उताणा पडून मोजत होतो. दोन लांब, दोन छोटे. बावीस : नॉक सेन्सर.

हा कोड मला फारच महत्त्वाचा वाटला, आणि त्याला कारण आहे. जपानी बाजारातल्या या गाडीचं इग्निशन तिथल्या जवळपास १०० ऑक्टेनच्या पेट्रोलवर बेतलेलं. इथे ९१ आणि ९५ सगळीकडे, ९८ काही पंपांवरच. ऑक्टेन कमी पडलं की सिलिंडरमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण भलत्या वेळी पेटतं, त्याची ठोठ ऐकणारा कान म्हणजे नॉक सेन्सर, आणि ती ऐकूनच कॉम्प्युटर टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे घेतो. इथे तोच कान बहिरा झालेला आणि वरून हाताने बूस्ट वाढवलेला. अशा गाड्यांचे पिस्टन रिंगांच्या मधल्या पट्टीत तुटतात ते उगाच नाही.

सेन्सर इंटरकूलरच्या खाली असतो. इंटरकूलर उचलला, बोल्ट काढला, तर निळ्या प्लास्टिकवर केसाएवढी चीर. उष्णतेने या सेन्सरचं प्लास्टिक तडकतं, हा सुबारूचा जुनाच आजार. नवा बसवताना टॉर्क रेंच वापरलाच पाहिजे, २४ न्यूटन मीटरच्या आसपास. जास्त आवळला तर तो नसलेली ठोठ ऐकतो आणि सैल राहिला तर असलेलीही ऐकत नाही. बूस्ट कंट्रोलर त्याच दिवशी काढून कचऱ्यात टाकला.

त्यानंतर रबर. पंचवीस वर्षांच्या टर्बो गाडीत रबराची प्रत्येक नळी संशयित धरायची. मित्राने एक सोपी युक्ती दाखवली. टर्बोच्या तोंडाला टोपण लावून कॉम्प्रेसरने बेताचा दाब द्यायचा आणि साबणाचं पाणी फवारत जायचं. इंटरकूलरखालच्या वाय पाइपाच्या जोडावर फेसच फेस. बारीक व्हॅक्यूम नळ्या तर चिमटीत धरल्या की मोडत होत्या. सगळ्या बदलल्या, लांबी जुन्या तुकड्याला लावून कापत. बूस्ट सोलेनॉइडच्या नळीत एक छोटी पितळी गोळी असते, बारीक भोकाची. ती जुन्या नळीतून काढून नव्या नळीत घालायला विसरायचं नाही, नाहीतर बूस्टचा सगळा हिशोब बिघडतो. या कामाला खर्च क्षुल्लक, पण गाडीच्या पिकअपमध्ये सर्वांत मोठा फरक यानेच पडला.

टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारा पट्टा) कधी बदलला याची नोंद नव्हती. एक लाख किलोमीटरला तो बदलायचा असतो, आणि तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात. हे काम मी घरीच केलं. रेडिएटरचे पंखे काढले की पुढे पुरेशी जागा होते. चार कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांच्या) चार चकत्या, मधे क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा). क्रँकच्या चकतीवर एक ठसठशीत बाण दिसतो आणि सगळ्यांची नजर तिकडे जाते. खरी खूण ती नव्हेच, खरी खूण मागच्या दात्याच्या कडेवरची बारीक रेघ. कॅमच्या जोडीवरच्या दुहेरी रेघा समोरासमोर आणायच्या. या अवस्थेत चारही पिस्टन सिलिंडरच्या मधोमध उभे असतात, त्यामुळे व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळत नाहीत. पण डावीकडचे दोन कॅम स्प्रिंगच्या ताणाखाली असतात. बेल्ट निघाला की ते खटकन उडी मारतात, आणि दोन्ही एकदम फिरले तर व्हॉल्व्ह एकमेकांनाच धडकू शकतात. म्हणून मी ते दोन्ही पकडीने अडकवून मगच बेल्ट सोडवला.

बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरचा दांडा व्हाइसमध्ये उभा धरून अगदी सावकाश दाबायचा. घाई केली तर आतलं सील जातं. पूर्ण दबला की भोकात पिन घालायची आणि बसवून झाल्यावर ओढायची. बेल्टबरोबर पाण्याचा पंप, सगळे आयडलर (बेल्टला वाट देणाऱ्या चकत्या), विशेषतः दात्यांचा, बदलून टाकावेत. माझा दात्यांचा आयडलर बोटाने फिरवल्यावर खरखरत होता. नुसता बेल्ट बदलून पैसे वाचवणारे लोक असतात, पण बेल्ट जातो तो बहुतेक वेळा या बेअरिंगांपायी.

एवढं सगळं झाल्यावर मला हवा तो एकच अपग्रेड केला : क्राइस्टचर्चच्या लिंक कंपनीचा प्लग-इन ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर. मूळ वायरिंगच्या सॉकेटात तसाच बसतो, काही कापावं लागत नाही. डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) ९८ पेट्रोल घालून ट्यून करून घेतला आणि बूस्ट फॅक्टरीएवढाच ठेवायला सांगितला. ट्यूनर जरा नाराज झाला. चाकांवर १७० किलोवॅटच्या आसपास आले. जपानी कंपन्यांनी तेव्हा आपसात २८० पीएसची मर्यादा पाळली होती आणि कागदावर हिची ताकद तेवढीच, म्हणजे इंजिनवर २०६ किलोवॅट. गियरबॉक्सचं नुकसान वजा केलं तर गाडी कारखान्यातून निघाली तशी झाली, इतकंच. मला तेवढंच हवं होतं.

कॉइलओव्हरचं प्रकरण वेगळं. उंची बदलता येणारं सस्पेन्शन असेल तर इथे लो व्हॉल्यूम व्हेइकल प्रमाणपत्र (बदल केलेल्या गाडीचं) लागतं, नाहीतर गाडी वॉरंट ऑफ फिटनेसमध्ये, म्हणजे नियमित तपासणीत, नापास. आणि २०००च्या आधीच्या गाडीला ते वॉरंट तेव्हा दर सहा महिन्यांनी. सर्टिफायरने गाडी लिफ्टवर घेतली, चाकं लोंबती ठेवून स्प्रिंग जागेवरून सुटते का ते हाताने हलवून पाहिलं, जमिनीपासूनचं अंतर मोजलं. मग बॉनेटखाली रिव्हेट मारून एक अॅल्युमिनियमची छोटी पाटी, तिच्यावर काय बदललंय ते कोरलेलं. विकताना या पाटीची किंमत वेगळी मिळते म्हणतात.

राहिलंय ते गंजाचं काम. मागच्या स्ट्रट टॉवरच्या वर, कार्पेटखाली, जीसी८ (या पिढीच्या इम्प्रेझाचं सांकेतिक नाव) हमखास गंजते. माझ्याकडे डावीकडे सुरुवात झालीय. पत्रा कापून वेल्डिंग करावं लागेल आणि त्याचा अंदाज ईसीयूपेक्षा जास्त आलाय. सुटे भाग मात्र मी आत्ताच जमवून ठेवतोय : नॉक सेन्सर एक जास्तीचा, इंटरकूलरचे जोड, हीटरच्या नळ्या. जपानहून मागवताना "उत्पादन बंद" असा शेरा दर खेपेला आणखी एकदोन ओळींवर दिसतो. ज्यांच्याकडे व्हर्जन ५ किंवा ६ आहे त्यांनी आधी रबराचे भाग मागवावेत. टर्बो काय, बाहेरच्या कंपन्या अजूनही बनवतात.