मानस: अकराव्या पातळीतलं अर्धं सुकं शेत

सापडला. तीन आठवडे छळणारा बग परवा रात्री सापडला आणि काल सकाळी खऱ्या गेम बॉयवर अकरावी पातळी सलग वीस वेळा नीट चालली.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: 'मानस' हा मी गेम बॉयसाठी रचत असलेला कोड्यांचा खेळ. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या भातशेतीत, मानशीची (पाण्याच्या दारांची) उघडझाप ठरवायची, मग भरती सोडायची आणि शेतं खाऱ्या पाण्यापासून वाचवायची. मागच्या नोंदीत चोवीस पातळ्या झाल्याचं सांगून आता सेव्हचं काम हाती घेतो म्हणालो होतो. त्या कामाला हातसुद्धा लागलेला नाही. झालं असं की भाची आली होती. रायबंदरहून चोडणला जाताना फेरीबोटीत तिच्या हातात कन्सोल दिला. उन्हात मागे दिवा नसलेला तो जुना पडदा जितका सुरेख दिसतो तितका घरात कधीच दिसत नाही. अकराव्या पातळीला तिने भरती सोडली, हरल्याचा सूर वाजला आणि तिने विचारलं, "मामा, हे कोपऱ्यातलं शेत तर सुकंच आहे. मग मी हरले कशी?"

तिचं बरोबर होतं. त्या शेताच्या वरच्या अर्ध्या भागात पाणी होतं आणि खालच्या अर्ध्यात भाताची लोंबी तशीच उभी होती. खेळाच्या हिशोबात शेत बुडालेलं, पडद्यावर मात्र अर्धं जिवंत. कोड्याच्या खेळात याहून मोठा गुन्हा नाही. खेळणारा पडद्यावर विश्वास ठेवून विचार करतो, आणि तोच खोटं बोलला तर त्याने डोकं कशावर लढवायचं?

फोनवरच्या इम्युलेटरमध्ये (गेम बॉयची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) हे कधीच दिसलं नव्हतं, म्हणून आधी कार्टवर, म्हणजे खेळाच्या कार्ट्रिजवर, संशय घेतला. आपल्याकडच्या पावसाळ्यात तांब्याच्या पट्ट्या काळ्या पडायला वेळ लागत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसलं, फरक शून्य. (कार्टचा बोर्ड ज्याच्याकडून घेतला त्याच विक्रेत्याच्या मागच्या बोर्डवर बॅटरीचा टाका सुटलेला निघाला होता, त्यामुळे संशय जरा जास्तच टिकला. पुढचे बोर्ड दुसरीकडून घेणार.) मग वाटलं, सुरुवातीला रॅम पुसायची राहिली असेल. खऱ्या यंत्रात चालू करताना रॅममध्ये काहीही कचरा असतो, आणि काही इम्युलेटर तिथे नीटनेटकी शून्यं भरून देतात. तपासलं, सगळी ८ केबी पुसली जात होती.

धागा मिळाला तो चौदाव्या पातळीत. तिथेही तितकीच शेतं बुडतात, पण बग येत नाही. ती एकच पातळी अशी आहे जिला मी अजून संगीत लावलेलं नाही! अकरावीचं संगीत बंद करून पाहिलं. बग गायब.

आता हिशोब मांडतो. व्हीब्लँक म्हणजे पडद्यावर एक चित्र काढून झाल्यावर पुढचं सुरू होईपर्यंतची मोकळी वेळ, पडद्यावरचं चित्र तेव्हा बिनधोक बदलता येतं. व्हीब्लँकच्या दहा ओळी, ओळीला ११४ सायकल (प्रोसेसरचे ठोके), म्हणजे एकूण ११४०. ओएएम डीएमए (हलत्या चित्रांची यादी पोचवणं) आणि त्याची उस्तवार मिळून १७०. माझ्या नकाशाची एक चौकट १६×१६ पिक्सेलची, म्हणजे चार टाइल (८×८ चे तुकडे), आणि एक चौकट व्हीरॅममध्ये (चित्राच्या मेमरीत) लिहायला सुमारे ३५. अकराव्या पातळीत एका भरतीला १९ चौकटी बुडतात, त्यांचे ६६५. उरले ३०५. संगीताचा ड्रायव्हर एरवी दोनशेच्या आसपास घेतो, पण सुरांची नवी ओळ आली की साडेतीनशेपर्यंत जातो, आणि मी शहाण्याने तो हँडलरमध्ये (व्हीब्लँकला चालणाऱ्या कोडमध्ये) सगळ्यात आधी बोलावला होता. म्हणजे ४५ सायकल बाहेर. पुढच्या चित्राच्या पहिल्या ओळीच्या सुरुवातीचे २० मोड २ चे (ओळीच्या तयारीचे) असतात, तेव्हा व्हीरॅम उघडं असतं. त्यापुढे मोड ३ (ओळ रंगवणं) लागतो आणि लिहिलेलं सरळ हवेत जातं. लिहायच्या रांगेतल्या शेवटच्या चौकटीच्या नेमक्या खालच्या दोन टाइल! समुद्रापासून सगळ्यात लांबचं शेत रांगेत शेवटी असतं, म्हणून दर वेळी कोपऱ्यातलंच शेत अर्धं सुकं.

खात्रीसाठी कॉपी संपल्यावर एलवाय (सध्या चालू असलेल्या ओळीचा आकडा) वाचून पडद्यावर दाखवला. इथे एक खाचखळगा सांगून ठेवतो: १५३व्या ओळीत एलवाय जवळजवळ लगेच ० दाखवायला लागतो, त्यामुळे ० दिसलं म्हणजे वेळ संपलीच असं नाही. स्टॅट या रजिस्टरमधला मोडही वाचावा लागतो. तिथे ३ दिसला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला.

फोनवरचं ते इम्युलेटर मोड ३ मध्येही लिहू देतं, एवढंच. सेमबॉय या काटेकोर इम्युलेटरमध्ये तोच रॉम (खेळाची फाइल) टाकला तर पहिल्याच भरतीला अर्धं शेत सुकं. तीन आठवडे वाचले असते. नव्याने येणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, रोजची चाचणी सेमबॉयवर करा आणि आत डोकवायला एम्युलिशियस हे दुसरं इम्युलेटर ठेवा. आणि सी भाषेतलं जीबीडीके सोडून असेंब्लीच्या आरजीबीडीएसवर आलो याचं मला पुन्हा एकदा समाधान वाटलं. सी मध्ये हे सायकल असे बोटांवर मोजता आले नसते.

दुरुस्ती सोपी. आधी डीएमए, मग कॉपी, संगीत शेवटी. तरी २७ चौकटींच्या वर जागा नाही, आणि बाविसाव्या पातळीत एका भरतीला ४१ बुडतात. म्हणून दर फ्रेमला (पडद्याच्या एका चित्राला) ठरावीकच चौकटी लिहायच्या असं ठरवलं. चारचार लिहिल्या तर सगळं डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपतं. दोन फ्रेमला एक केली, आणि पाणी अक्षरशः चालायला लागलं! पोंयीतून (बांधाआतल्या पाणसाठ्यातून) आत शिरतं, बांधाला टेकतं, वळतं, शेत शोधत जातं. ४१ चौकटींना जेमतेम दीड सेकंद लागतो. मी ती भरती किती वेळा सोडली मोजलं नाही.

लगेच डोक्यात आलं, पाणी चालत असताना खेळणाऱ्याला मानस बंद करू द्यावी का? अर्धा दिवस करून पाहिलं. नको. मग तो बोटांच्या चपळाईचा खेळ होतो, कोडं राहत नाही.

पण हे लिहिता लिहिता दुसरंच सुचतंय. खऱ्या खाजनात मानशीचं दार कोणी भरती पाहून बंद करत नाही. भरतीचं पाणी बाहेरून दाबतं आणि दार आपोआप मिटतं, ओहोटीला आतलं पाणी ते उघडून बाहेर पडतं. मग माझ्या खेळात बटण दाबून उघडझाप कशाला? खेळणाऱ्याने फक्त दाराचं तोंड कुठे ते ठरवावं, बाकी काम पाण्याने करावं. पाणी आता चौकटीचौकटीने चालतं, त्यामुळे कुठलं दार आधी मिटलं ते डोळ्यांना दिसेल. उलटं लावलेलं दार खारं पाणी आत घेईल आणि ओहोटीला मिटून ते शेतातच कोंडून ठेवेल. हेच खरं कोडं आहे. मी वर्षभर चुकीचं कोडं रचत होतो.

म्हणजे चोवीसपैकी निदान पंधरा पातळ्या नव्याने मांडाव्या लागणार. चालेल. एक पाऊल मागे घ्यायची सोय तशीच राहील: ८० चौकटींचे १० बाइट, दारांचा १, अशा ६४ चाली ७०४ बाइटमध्ये बसतात. कोरगुटाची (खारं पाणी सोसणाऱ्या भाताची) नवी टाइलही ठेवतोय, चार छटांत लोंबी वाकलेली दिसते याचा आनंद वेगळाच. सेव्ह मात्र पुन्हा पुढे ढकललं.

ज्यांच्याकडे गेम बॉय पॉकेट आहे त्यांनी बाविसाव्या पातळीत कोपऱ्यातला एलवायचा आकडा पाहून कळवा. माझ्याकडे तो १४७ च्या वर गेलेला नाही. आज रात्री पहिल्या पातळीपासून दारांची तोंडं फिरवायला बसतो.