आग्वादचा बार बंद

सकाळी साडेआठला फोन वाजला. डेस्कवर रात्री दीडपर्यंत काम करणाऱ्या माणसाला साडेआठ म्हणजे मध्यरात्रच, त्यात चीफसबचा, म्हणजे मुख्य उपसंपादकांचा नंबर, म्हणजे काहीतरी शेण खाल्लंय आपण हे झोपेतच कळलं.

"पान तीन काढ. खाली डावीकडे. मोठ्यानं वाच."

वाचलं. हेडिंग होतं 'आग्वाद येथील बार पावसाळ्यात बंद'. खाली तीनचार ओळी, की प्रशासनाच्या आदेशानुसार आग्वाद येथील बार जूनपासून पावसाळा संपेपर्यंत बंद राहणार असून महामार्गावरील मद्यालयांपाठोपाठ आता किनारी भागातील मद्यालयांवरही संक्रांत आल्याने व्यावसायिकांत नाराजी आहे.

"नाराजी कुणाकुणाला विचारलीस?"

कुणालाच नाही. सिंगल कॉलमची जागा भरत नव्हती म्हणून घातलेली नाराजी ती. फोनवर दोन सेकंद शांतता, आणि मग ऑफिसात एरवी शुद्ध मराठी बोलणारे आमचे चीफसब कोकणीत गेले. "आरे बाबा, हो सोऱ्याचो बार न्हय! रेंवेचो बार!"

रेंव म्हणजे वाळू. एवढी कोकणी मला पाच महिन्यांत यायला लागली होती. पण वाळूचा बार म्हणजे काय हे कळेना आणि विचारायची हिंमतही होईना.

माझी बाजू सांगतो, पटली तर बघा. मी सातारा जिल्ह्यातला, खंडाळा तालुक्यातला. नदी म्हटलं की मला नीरा दिसते आणि समुद्र पाहिला तो कॉलेजच्या ट्रिपला. पणजीत एका मराठी पेपरच्या डेस्कवर लागलो ते 2017 च्या सुरुवातीला. त्याच्या जरा आधी, डिसेंबर 2016 मध्ये, सुप्रीम कोर्टाचा तो ऑर्डर आला होता, हायवेपासून 500 मीटरच्या आत दारूविक्री नको म्हणून, आणि मग मार्चच्या शेवटच्या दिवशी लहान गावांसाठी ते अंतर 220 मीटर केलं. एक एप्रिलपासून अंमल. गोव्यासारख्या ठिकाणी म्हणजे विचारू नका, आमच्याकडे रोज बारच्या दोन तरी बातम्या, कोण मोजणीला गेलं, कुणाचं शटर पडलं. मे संपत आला तरी तेच चाललेलं. बोटं आपोआप 'मद्यालय' टाइप करायची. अशात रात्री साडेदहाला आमच्या रिपोर्टरचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, 'आग्वाद बार क्लोज्ड फॉर मॉन्सून, बंदर कप्तानची ऑर्डर, छोटी घे'. बस. बंदर कप्तान खात्याचा दारूशी काय संबंध हा प्रश्न मला पडायला हवा होता की नाही? हवा होता. पडला नाही. उलट ते खातं विचित्र वाटलं म्हणून मीच 'प्रशासन' करून टाकलं, ही चूक मी आजही स्वतःला माफ केलेली नाही.

अकराला ऑफिसला पोचलो तोपर्यंत फोन सुरू झालेले. सिकेरीचा एक बारवाला, "आमचा रस्ता हायवे न्हय, आमका कोणे बंद केलो?" असं निम्मं मराठी निम्मं कोकणी ओरडत होता. त्याला समजावेपर्यंत दुसरा एक नुसता हसायलाच फोन करून गेला. आणि तिसरा फोन एका निवृत्त तांडेल काकांचा, तिसेक वर्षं मांडवी नदीत बार्ज, म्हणजे खनिज वाहणाऱ्या सपाट बोटी चालवलेले, राहायला रायबंदर. ते रागावले नव्हते. त्यांचं म्हणणं एवढंच की ज्यानं लिहिलंय त्यानं तो बार बघितलेला नाही, तर त्याला चारला मिरामारला पाठवा, मी दाखवतो. चीफसबनी माझ्याकडे बघून मान हलवली. खुलासा तूच लिहायचा, पण आधी बघून ये.

चारला गेलो. काका छत्री घेऊन उभे, पाऊस नव्हता तरी. आभाळ भरून आलेलं, वारा सुटलेला. समोर मांडवीचं मुख, उजव्या हाताला पलीकडे आग्वादचा किल्ला, डावीकडे काबोचा डोंगर. "पुता, ती धवी रेघ दिसता?"

आधी दिसेना. मग दिसली. लांब, पाणी जिथं नदीचं संपून दर्याचं होतं तिथं, मधोमध लाटा फुटत होत्या. किनाऱ्यावर फुटतात तशा, पण तिथं किनारा नव्हता, सगळीकडून पाणी. पांढरी रेघ उठायची, मोडायची, पुन्हा उठायची. पाण्याच्या मध्ये लाट कशाला फुटेल? खाली काहीतरी असल्याशिवाय?

काकांनी छत्रीच्या टोकानं ओल्या वाळूत दोन रेघा ओढल्या, ही नदी. मग त्या दोन रेघांच्या तोंडावर एक आडवी रेघ. "हो बार." नदी वाळू घेऊन येते, मुखाशी आली की तिचा जोर मोडतो, समोरून दर्या ढकलतो, वाळू तिथंच बसते. भरलेली बार्ज खनिजाच्या वजनानं इतकी खाली बसते की लांबून बघितलं तर मागची केबिनच तेवढी तरंगतेय असं वाटतं. एरवी भरती बघून पार करतात. पण पावसाळ्यात त्या आडव्या रेघेवर लाटा उभ्या राहतात, आणि दोन लाटांच्या मधल्या खळग्यात बार्ज सापडली की बूड वाळूवर आपटतं, मग संपलंच. म्हणून बंदर कप्तान पावसाळ्यात तो रस्ता बंद करतात. खनिजाच्या बार्ज मग मुरगाव बंदराला जायच्या त्या आतल्या आत, कुंभारजुवे कालव्यातून, मांडवीतून झुआरी नदीत. मगरी असलेला तोच कालवा.

मी विचारलं, काका, तुमच्या भाषेत याला काय म्हणता, मराठी शब्द द्यायचाय. ते म्हणाले, "आमी तेका बारच म्हणटात." पोर्तुगीजमध्ये बार्रा, इंग्रजीत बार, शब्द एकाच घरचे. पुढं म्हणाले की तू दारूचा म्हणालास तो बार तरी काय, गिऱ्हाईक आणि बाटल्या यांच्यामध्ये आडवी फळीच ना?

हे मला रिक्षात बसल्यावर चढलं. चढलं म्हणजे डोक्यात. कोर्टात वकिलांचा बार, तो मुळात कोर्टरूममधला आडवा कठडा, म्हणून बार काउन्सिल, म्हणून महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच बार काउन्सिल आहे तिचा दारूवाल्यांशी संबंध नाही (आमच्याकडे एकदा 'बार असोसिएशन'च्या बातमीला ग्लासचा फोटो लागता लागता राहिला होता, तो मी नव्हे). मुदत संपलेला दावा 'टाइम बार्ड', म्हणजे मुदतीनं आडवा घातलेला. 'बिहाइंड बार्स' म्हणजे गजाआड, आणि आग्वादला तर तोही बार होता, किल्ल्याच्या पायथ्याचा तुरुंग, 2015 मध्ये कोलवाळला हलवला. म्हणजे एका आग्वादात वाळूचा, गजांचा आणि दारूचा, तिन्ही बार. आणि नाव कशावरून, तर पोर्तुगीजांची जहाजं तिथं गोडं पाणी भरायची म्हणून आग्वाद. पाण्याचा बार म्हणा हवं तर!

सोन्याच्या बारला मराठीत लगड आहे पण पेपरात आपण बिस्किटच करतो, साबणाच्या बारची वडी होते, लोखंडाच्या बारची सळी, बारकोड तसाच राहतो. इंग्रजाला एक शब्द पुरतो तिथं आपण दर वेळी वस्तू बघून शब्द काढतो. हे मला आवडतं. पण त्यासाठी वस्तू बघावी लागते, तिथंच माझी गाडी अडली होती. बाय द वे हवामानाच्या बातमीतला मिलिबार या खानदानातला नाही, तो वजन या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलाय, बॅरोमीटरचा भाऊ.

आणि खरी गंमत म्हणजे आमचा मराठी बार या सगळ्यांच्या आधीपासून घरात बसलेला. बंदुकीचा बार, फुसका बार, लग्नाचा बार, आजोबा तंबाखूचा बार भरायचे तो. आमच्याच तालुक्यात सुखेड आणि बोरी गावच्या बायका नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना शिव्या घालतात, त्याला बोरीचा बारच म्हणतात. लहानपणी तो बघून आलेला माणूस मी, म्हणजे पाण्यावरचा बार मला अगदीच नवीन नव्हता असं म्हणायला जागा आहे, चीफसबना म्हणून बघितलं, त्यांनी चष्म्यावरून बघितलं, विषय संपला.

खुलासा लिहायला मला बातमीच्या चौपट वेळ लागला. 'वाळूचा दांडा' लिहिलं तर रायबंदरच्या माणसाला कळेना, 'बार' लिहिलं तर पुन्हा तोच घोळ. शेवटी 'मांडवीच्या मुखाशी असलेला वाळूचा पट्टा (आग्वाद बार) बार्जच्या वाहतुकीसाठी पावसाळ्यात बंद' असं केलं, मद्यालयांचा याच्याशी संबंध नाही हेही घातलं आणि दिलगिरी. रात्री पान लावायला आमचा पेजिनेशनवाला बसला होता, हा रविवारी चर्चमध्ये व्हायोलिन वाजवतो, आजोबांच्या वेळेपासून घरात म्युझिक. खुलासा चौकटीत बसवता बसवता म्हणाला, "आमच्याकडे पण बार असतो रे, नोटेशनमध्ये उभी रेघ मारतात, एकेका बारात चार ठोके. एकानं बार चुकवला की अख्खा क्वायर भलतीकडे जातो." उभी रेघ? म्हणजे माझी आडव्याची थिअरी रात्री अकराला गेली. मग म्हटलं पाच रेघांना ती आडवीच जाते की. त्याला पटलं नाही. वाद चौकट लागेपर्यंत चालला.

त्या काकांना दुसऱ्या दिवशी पेपर घेऊन गेलो. त्यांनी खुलासा दोनदा वाचला आणि म्हणाले, "आता जाता." म्हणजे आता चालेल.

जुलैत तुफान पावसाच्या दिवसांत मेसेज आला, मांडवीत आणत असलेलं कसिनोचं जहाज मिरामारला वाळूत रुतलं. चीफसबनी न बोलता माझ्याकडे ढकललं. मी बातमी नीट केली, बंदर कप्तान, भरती, वारा, सगळं विचारून घेतलं, एकही नाराजी घातली नाही. पण हेडिंगला हात आवरला नाही, जहाजात बार असणारच, म्हणून 'बारवर अडकला बार'.

त्यांनी वाचलं, हसले, आणि खोडलं.

"का? या वेळी तर वाळूचाच घेतलाय."

"बार थंय भायर," त्यांनी खिडकीकडे हात केला, "जहाज हांगा, वेळेर, म्हणजे किनाऱ्यावर. परत मिरामारला जाऊन ये."