व्हीलचेअरसाठी भाड्याचं घर: आधी टेप, मग डिपॉझिट

‘लिफ्ट आहे, मग काय अडचण?’ असं घरमालक अगदी मनापासून विचारतात. पण बहुतेक वेळा खुर्ची अडते ती बाथरूमच्या दारात. दार ९० अंशांत उघडा आणि उघड्या फळीपासून समोरच्या चौकटीपर्यंतचं अंतर मोजा. नुसती चौकट मोजली, तर फळीची जाडी हिशेबातून सुटते. हे अंतर किमान ८० सेंटिमीटर हवं, ९० असेल तर उत्तम. तीन-चार सेंटिमीटर कमी पडत असतील तर ऑफसेट बिजागऱ्या लावा. फळी वाटेतून पूर्ण बाजूला जाते, चौकट फोडावी लागत नाही. कमी पैशांत याहून उपयोगी बदल क्वचितच सापडेल.

आत खुर्ची वळायला १५० सेंटिमीटर व्यासाची मोकळी जागा लागते.

प्रवेशाला १५ सेंटिमीटरची एकच पायरी असली, तरी १:१२ उतारासाठी (दर एक सेंटिमीटर उंचीला बारा सेंटिमीटर लांबी) रॅम्प १८० सेंटिमीटर लांब होतो. आखूड, चढ्या रॅम्पवर खुर्ची मागे कलंडू शकते.

बाथरूममध्ये धरायचे आधाराचे दांडे भक्कम भिंतीत अँकर बोल्टने बसवा. पोकळ भिंतीत साध्या स्क्रूवर लावलेला दांडा उपटतो, तोही नेमका पूर्ण वजन पडल्यावर.

बदलांना परवानगी, खर्च कोणाचा, घर सोडताना काय काढायचं, हे डिपॉझिट देण्याआधी करारात लिहून घ्या. तोंडी होकारावर विसंबू नका.