दर्यापूर ते चिखलदरा घोडीवरून: दम टिकतो, पाय टिकत नाहीत

वरातीची घोडी सदैव चालती असते, तिला वेगळी तयारी लागत नाही, असे घोडी देणाऱ्याने आम्हाला छातीठोकपणे सांगितले होते. हे साफ खोटे आहे. बँडच्या तालावर तासन्‌तास ताटकळणे आणि स्वार घेऊन दिवसभर मजल मारणे यांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही.

अंजनगाव सुर्जीमार्गे परतवाड्यापर्यंतचा सपाट टप्पा सुखाचा आहे. मात्र खारपाणपट्ट्यातील मचूळ पाण्याला घोडी तोंड लावत नाही, म्हणून गोड्या पाण्याचे कॅन मागून गाडीने आणवावेत.

खरी परीक्षा धामणगाव गढीच्या पुढच्या घाटात होते, आणि तीही चढताना नव्हे. सुमारे १,१०० मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्याला घोडी दम न लागता पोहोचली, थांबल्यावर दहा मिनिटांत तिच्या नाडीचे ठोके मिनिटाला ६४ च्या खाली आले, आणि आम्ही निर्धास्त झालो. परतीच्या उतारावर, जिथे जास्त भार पुढच्या पायांवर येतो आणि डांबराचा दणका थेट नळीत (गुडघ्याखालच्या हाडात) बसतो, तिथे तिच्या पुढच्या पायाची शीर, म्हणजे रक्तवाहिनी नव्हे तर स्नायू हाडाला जोडणारा कंडरा, सुजली. हृदय आणि स्नायू दोन-तीन महिन्यांत तयार होतात. शिरा आणि हाडे घट्ट व्हायला सहा महिने ते वर्ष लागते. त्यामुळे न धापणारे जनावर तयार आहे, असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

तयारी पांदणीवरून कदमचालीने सुरू करावी, मधूनच थोडी दुडकी द्यावी, आणि अंतर, वेग किंवा चढ यांपैकी एका वेळी एकच गोष्ट वाढवावी. पावसाळ्यात काळ्या मातीत अजिबात उतरवू नये. तो चिखल नालही उपटतो आणि शिराही ताणतो.

नालबंदी निघण्यापूर्वी आठवडाभर आधी करून घ्यावी आणि जादा नाल-खिळे जवळ ठेवावेत. वर नाल निखळली तर खालून बोलावलेला नालबंद तिप्पट पैसे घेतो. आम्ही ते निमूटपणे दिले, राग अजून गेलेला नाही.

उतारावर स्वाराने खाली उतरून लगाम धरून चालावे. आमचे गुडघे अजून दुखत आहेत, तरीही हाच सल्ला. दुसऱ्या सकाळी पुढच्या नळ्या हाताने चाचपाव्यात. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागला, तर त्या दिवशी खोगीर चढवू नये आणि सरळ टेम्पो सांगावा, कारण त्याचे भाडे औषधपाण्यापेक्षा स्वस्त पडते.