हिरवा डोळा

काल परभणीत आमच्या ओसरीवर पाच जण जमले होते. सगळे जुन्या रेडिओचे वेडे. मुरमुऱ्यांची सुशीला झाली, चहा झाला, वडिलांच्या व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) रेडिओवर १३०५ किलोहर्ट्झवर आकाशवाणीचं परभणी केंद्र लावलं. सगळे गेल्यावर रात्री परत लावला तर आवाज खणखणीत, पण स्टेशन नीट लागलंय का ते दाखवणारा डायलशेजारचा हिरवा डोळा काही लागेना.

मागचा पुठ्ठा काढला. डोळ्याचा व्हॉल्व्ह, ईएम ८४, जागेवरच, पण काचेचा शेंडा दुधासारखा पांढरा. व्हॉल्व्हमध्ये हवा शिरली की आतला चंदेरी मुलामा असा पांढरा पडतो. आमचा तर आरशासारखा होता, मागच्याच महिन्यात मी पुसला होता. म्हणजे पाचांतल्याच कुण्या गड्यानं आपला मेलेला बसवला अन् आमचा खिशात घातला. मेलेला घरूनच आणला असणार, ठरवूनच आलेला! (दुसरा चहा सांगायला मी आत गेलो, तेवढ्यात.) साध्या चोरानं अख्खा रेडिओ उचलला असता, डोळा नाही.

कोणाला विचारू? पाचही जणांना सोल्डरिंग मीच शिकवलंय. आई म्हणाली, "बापाचा डोळा काढून नेला रे मेल्यानं."

पुढची बैठक त्यांच्यातल्याच एकाकडे आहे. जाणार आहे. तो पांढरा व्हॉल्व्ह घेऊन.