मामाच्या दुकानातला हिशेब

परभणीला मामांचं छोटं किराणा दुकान आहे, हिशेब आजवर सिगारेटच्या पाकिटामागं न् कॅल्क्युलेटरवर. दिवाळीत गेलो तर म्हणले, तू कॉम्प्युटरचं शिकलास ना, मग आमचं काहीतरी कर की. म्हणलं करू.

पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत टीकेइंटर, म्हंजे स्क्रीनवर खिडक्या-बटणं करायचं साधन, वापरलं, ते विंडोजवर पायथनसोबतच येतं, वेगळं काही टाकावं लागत नाही आणि मामांच्या जुन्या डबड्यावर पण चालतं. मालाची यादी, भाव, वजन, खाली टोटल, बास. वजनाला मात्र बटणं दिली, अर्धा पाव, पाव, अर्धा, पाऊण, किलो, कारण गिऱ्हाईक ०.२५ किलो साखर द्या असं कोण म्हणतंय!

मज्जा नंतर झाली. शेंगदाणे १४८ रुपये किलो, अर्धा पाव म्हंजे १२५ ग्रॅम, १८.५० झाले तर प्रोग्रॅमनं १८ दाखवले. मामा लगेच, "आठ आणे कुठं गेले रे?" मी म्हणलं चुकलं असंल, पण १५६ च्या मालाला १९.५० चे बरोबर २० येऊ लागले, तेव्हा डोकंच फिरलं. दोन तास गेले, मग कळलं की पायथनचा राउंड, म्हंजे आकडा पूर्ण रुपयात करणारं फंक्शन, आकडा बरोबर अर्ध्यावर आला की जवळच्या सम आकड्याकडं जातो. मग पायथनचंच दशांश आकडेमोडीचं डेसिमल मॉड्यूल घेतलं आणि त्यातलं राउंड हाफ अप, म्हंजे अर्धा आला की वरच न्यायचं, ते लावलं.

आता १८.५० चे १९ येतात. मामा तरी एकदा कॅल्क्युलेटरवर ताळा करतेतच.